ओला सर्किट बोर्ड धुणे व वाळवणे

चहा, दूध, उसाचा रस किंवा पुराचे पाणी शिरलेल्या उपकरणातील सर्किट बोर्ड बाहेर काढून धुणे आणि पूर्ण वाळल्यावरच त्याला वीज देणे, अशी ही दुरुस्तीची प्रक्रिया आहे. धुणे आधी, वाळवणे नंतर. घरोघरी धुण्याची पायरी गाळली जाते आणि मोबाइल थेट तांदळाच्या डब्यात जातो. तांदूळ आतला चहा ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी चार्जिंगच्या खोबणीत बसते.

शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक आहे. नुकसान होते ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे आणि त्याच वेळी बोर्डावर असलेल्या विद्युतदाबामुळे. शेजारच्या दोन टोकांत ३ ते ५ व्होल्ट असले तरी ओल्या थरात विद्युत अपघटन सुरू होते. धन टोकाचे तांबे विरघळते आणि ऋण टोकाकडून झाडाच्या फांदीसारखे बारीक तंतू वाढत येऊन शॉर्ट होतो. मोबाइल ‘स्विच ऑफ’ केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत दाब राहतोच. म्हणून सगळ्यात आधी बॅटरी सुटी करायची.

काय सांडले, यावर धुण्याची रीत ठरते. कारागिरांचा भरवसा आयसोप्रोपिल अल्कोहोलवर, म्हणजे दुकानातल्या भाषेत ‘आयपीए’वर असतो. ते पाण्यात मिसळते आणि चटकन उडून जाते. ९९ टक्क्यांचे घ्यावे, ७० टक्क्यांच्यात उरलेले पाणीच असते. पण साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. गोड चहा किंवा रस सांडलेला बोर्ड नुसत्या आयपीएने घासला, तर चिकटा इकडून तिकडे सरकतो एवढेच. आयसीच्या (बोर्डावरच्या काळ्या चिपच्या) पायांभोवती तपकिरी कड दिसली की आधी डिस्टिल्ड वॉटर, मऊ टूथब्रश आणि शेवटी पाणी हाकलण्यासाठी आयपीए, असा क्रम लागतो. दुधासाठी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकावा लागतो, कारण त्यातली चरबी आणि प्रथिने साध्या पाण्याला दाद देत नाहीत.

कोल्हापुरात हे काम मोठ्या प्रमाणावर करायची वेळ २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आणली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, पंपांचे स्टार्टर, सगळ्यांत गाळ. असा बोर्ड नळाखाली धरला की गिऱ्हाईक हटकतेच: “पाण्यानंच घालवलंय, आन् तुम्ही परत पाण्यात घालताय व्हय?” पण वाळलेला गाळ बोर्डावर राहिला तर हवेतली ओल धरून पुढे महिनोन्‌महिने ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक वाटा, खात राहतो. अशा उपकरणांत एक धोका वेगळा: एसएमपीएसमधल्या, म्हणजे उपकरणाच्या वीजपुरवठ्याच्या भागातल्या, मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो. तो उतरवल्याशिवाय हात लावू नये.

मोबाइलच्या बोर्डावरील धातूची शिल्ड (चिपांवरचे पत्र्याचे झाकण) उचलल्याशिवाय सफाई पुरी होत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्र, म्हणजे द्रवात ध्वनिकंपने सोडून धुणारे यंत्र, आयसीखालची घाण काढते, पण माईकसारखे नाजूक भाग आधी उतरवावे लागतात.

वाळवताना आधी दाबाच्या हवेने आयसीखालचे पाणी बाहेर काढावे, मग ५० ते ६० अंश सेल्सिअस ऊब द्यावी. श्रावणातल्या दमट हवेत बोर्ड नुसता टेबलावर ठेवून भागत नाही. पत्र्याच्या पेटीत ६० वॉटचा पिवळा बल्ब लावला तरी चालतो, मात्र त्याआधी आयपीए पूर्ण उडालेले हवे. ते पेट घेते. ट्रान्सफॉर्मर आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) सर्वांत उशिरा वाळतात.

मग मल्टिमीटरने (वीज मोजण्याच्या मीटरने) सप्लाय लाइन, म्हणजे वीज आणणारी वाट, आणि ग्राउंड, म्हणजे परतीची वाट, यांच्यात शॉर्ट नाही ना ते पाहायचे आणि करंटची मर्यादा बांधलेल्या पॉवर सप्लायवर बोर्ड चालू करायचा. त्याआधी बोर्ड दिव्याखाली तिरका धरून बघावा: पांढुरकी साय दिसली, तर पुन्हा धुवायचा.