नवा ड्राइव्ह ‘दिसत नाही’: एका चिवट तक्रारीची पार्श्वभूमी

नवा सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्ह आणला, कॅबिनेट उघडून बसवला, चार स्क्रू आवळले, कॉम्प्युटर चालू केला आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ड्राइव्हचा पत्ताच नाही. अशा वेळी मिळणारे सल्ले ठरलेले असतात: केबल काढून परत लाव, जंपर बघ, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) जा, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) दोन नोंदी उडव, आणि काहीच जमलं नाही तर फॉरमॅट मार. यातला कुठला उपाय का चालतो हे सल्ला देणाऱ्यालाही माहीत असतंच असं नाही. चालतो ना, मग झालं.

पण यातल्या प्रत्येक सल्ल्यामागे एकेका काळातली तडजोड आहे. ड्राइव्ह स्वतः बिघडलेला निघणं तसं कमीच. घोळ असतो तो जोडणीत, कारण पीसीची मूळ रचना झाली तेव्हा असा काही ड्राइव्ह यात येईल हे कुणाच्या गावीही नव्हतं.

१९८४ साली आयबीएमने पीसी-एटी आणला. त्यात २० एमबीची हार्ड डिस्क होती आणि ती चालवणारं कंट्रोलर कार्ड वेगळं होतं, वेस्टर्न डिजिटलचं. त्या कार्डाला दोन डिस्क जोडता येत. कुठल्या डिस्कशी बोलायचं ते एका बिटावर ठरे. शून्य असेल तर पहिली, एक असेल तर दुसरी. पुढे हा कंट्रोलर उचलून डिस्कच्याच अंगावर बसवला गेला आणि १९८६ च्या कॉम्पॅक डेस्कप्रो ३८६ मध्ये अशा डिस्क आल्या. यालाच आपण आयडीई म्हणू लागलो. आधीची सॉफ्टवेअर बंद पडू नयेत म्हणून नव्या डिस्कने जुन्या कार्डाचं सोंग हुबेहूब वठवलं, त्या एका बिटासकट. एका केबलवर दोनच ड्राइव्ह, हा नियम तिथला.

सीडीचा जन्म याआधीचा, १९८२ चा, पण गाण्यांसाठी. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ती बाजारात आणली. तिच्यावर संगणकाची माहिती ठेवायची कल्पना पुढे आली तेव्हा आकडेच डोळे विस्फारणारे होते: एका तबकडीत सुमारे ६५० एमबी. त्या काळातल्या डॉसला, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, ३२ एमबीपलीकडचं पार्टिशन (डिस्कचा एक भाग) पेलत नव्हतं. मग मायक्रोसॉफ्टने एक शक्कल लढवली. एमएससीडीईएक्स नावाच्या छोट्या प्रोग्रामने डॉसला असं भासवायचं की हा ड्राइव्ह या कॉम्प्युटरवर नाहीच, नेटवर्कवर कुठेतरी दूर आहे. नेटवर्कवरच्या जागेच्या आकाराशी डॉसला देणंघेणं नव्हतं. शेजारी, त्याच पेटीत बसलेला ड्राइव्ह, आणि डॉसच्या लेखी तो परगावचा!

या शक्कलेची किंमत वापरणाऱ्याने मोजली. कॉन्फिग डॉट सिस या फाइलमध्ये ड्राइव्हच्या ड्रायव्हरची (तो चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) ओळ लिहायची आणि त्याला एक नाव द्यायचं, बहुधा एमएससीडी००१. मग ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये एमएससीडीईएक्सची ओळ लिहायची आणि तिथे तेच नाव अक्षरशः तसंच्या तसं द्यायचं. एक शून्य कमी पडलं तरी ‘डिव्हाइस ड्रायव्हर नॉट फाउंड’ ठरलेलं. शेवटचं ड्राइव्ह-अक्षर कुठलं ते सांगणारी लास्टड्राइव्हची ओळ नीट नसेल तर ड्राइव्हला द्यायला अक्षर शिल्लक नसे. आणि सगळं जुळलंच तर या दोन प्रोग्रामनी डॉसच्या प्रोग्रामना मिळणाऱ्या ६४० केबीतली मेमरी खाल्ल्यामुळे ज्या गेमसाठी ड्राइव्ह घेतला तो गेमच सुरू होत नसे.

केबलची गत याहून वाईट होती. सुरुवातीचे सीडी ड्राइव्ह आयडीईचे नव्हतेच. काही स्कझी या दुसऱ्या जोडणीचे, म्हणजे महाग. बाकीचे ज्या त्या कंपनीच्या स्वतःच्या जोडणीचे. पॅनासोनिकचा वेगळा, मित्सुमीचा वेगळा, सोनीचा वेगळा. घरच्या कॉम्प्युटरमध्ये तो जोडायचा कुठे, तर साउंड कार्डावर. क्रिएटिव्हच्या साउंड ब्लास्टर १६ च्या एका प्रकारात तिन्ही कंपन्यांसाठी तीन सॉकेट शेजारीशेजारी होती. त्यातली पॅनासोनिक आणि मित्सुमीची ४० पिनांची, आणि आयडीईची केबलही ४० पिनांचीच. पट्टी केबल कुठेही बिनतक्रार बसे. बसली म्हणजे जुळली असं मात्र नाही. ‘केबल बघ’ हा सल्ला पुढे सवयीने दिला जाऊ लागला, पण त्या काळी तो अगदी शब्दशः घ्यायचा होता.

हा गोंधळ मिटवायला १९९४ च्या सुमारास ॲटापी ही पद्धत आली. कल्पना साधी आणि हुशारीची: केबल आयडीईची ठेवायची, पण तिच्यातून हार्ड डिस्कच्या आज्ञांऐवजी स्कझीच्या आज्ञा पाकिटात घालून पाठवायच्या. त्यासाठी पाकीट घ्या एवढं सांगणारी एक नवी आज्ञा आयडीईत वाढवली. साउंड कार्डावरची सॉकेट हळूहळू गेली आणि सीडी ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या पंगतीला येऊन बसला.

इथे एक गंमत आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. जुन्या बायोसला सीडी ड्राइव्ह म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. केबलवर काहीतरी दिसलं की त्याने ती हार्ड डिस्कच समजली असती. म्हणून ॲटापीच्या नियमांत मुद्दाम लिहिलं गेलं की ‘तू कोण?’ असं हार्ड डिस्कच्या पद्धतीने विचारलं तर सीडी ड्राइव्हने ती आज्ञा नाकारायची. नव्या पद्धतीने विचारलं तरच ओळख द्यायची. थोडक्यात, जुन्या मशीनला दिसू नये अशीच त्याची घडण होती. जुन्या मदरबोर्डवर ‘बायोसमध्ये दिसत नाही पण विंडोजमध्ये चालतोय’ हा प्रकार बिघाड नव्हता, ते नियमाप्रमाणेच चाललं होतं. हे माहीत नसल्यामुळे किती चांगले ड्राइव्ह दुकानात परत गेले असतील!

पंगतीला बसवलं खरं, पण पान वाढायचे नियम १९८४ चेच. म्हणून जंपर. ड्राइव्हच्या पाठीमागे पट्टी केबलच्या सॉकेटशेजारी पिनांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांवर सीएस, एसएल, एमए अशी बारीक अक्षरं कोरलेली. त्यातल्या एका जोडीवर नखाएवढी काळी प्लॅस्टिकची टोपी बसवायची. एमएवर मास्टर, एसएलवर स्लेव्ह. एका केबलवरचे दोन्ही ड्राइव्ह प्रत्येक आज्ञा ऐकतात आणि तो जुना बिट पाहून ‘हे माझ्यासाठी आहे का’ ते ठरवतात. हार्ड डिस्क मास्टर असताना नवा ड्राइव्हही मास्टर ठेवून बसवला की दोघंही एकदम उत्तर देतात आणि मग नवा तर नाहीच, पण काल चालणारी हार्ड डिस्कही गायब होते. ‘डीव्हीडी बसवायला गेलो आणि विंडोजच उडालं’ म्हणून घाबरलेल्या बऱ्याच जणांची फक्त एक टोपी चुकलेली असे.

सीएस म्हणजे केबल सिलेक्ट. यात कोण मास्टर ते केबलच ठरवते, २८ क्रमांकाच्या पिनवरून. साध्या जुन्या केबलमध्ये ही सोय नसे, त्यामुळे दोन्ही ड्राइव्ह सीएसवर ठेवले की दोघंही स्वतःला मास्टर समजत. पुढे ८० तारांची केबल आली. तिची निळी बाजू मदरबोर्डला, टोकाची काळी मास्टरला, मधली करडी स्लेव्हला. पण घराघरांत जुन्या ४० तारांच्या केबलही पडून होत्या, सॉकेट तेच, आणि लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत सुटे भाग गोळा करून जुळवलेल्या असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये हाताला येईल ती केबल लागत असे.

तेवढ्यात ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि सीडीसाठी स्वतःचा ड्रायव्हर घेऊन आलं. कॉन्फिग डॉट सिसची कटकट संपली, निदान विंडोज सुरू झाल्यावर तरी. सुरू होण्याआधीचा प्रश्न तसाच होता: विंडोज सीडीवर, आणि सीडी वाचायला ड्रायव्हर फ्लॉपीवर. सीडीवरून थेट बूट करायचा नियम फिनिक्स आणि आयबीएम यांनी त्याच सुमारास ठरवला. त्याचं नाव एल टोरिटो, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमधल्या एका रेस्टॉरंटवरून. तो नियम पाळणारे मदरबोर्ड घरोघरी पोचेपर्यंत विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीने निभावून नेलं. तिच्यातला ओकसीडीरॉम नावाचा ड्रायव्हर जवळपास कुठलाही ॲटापी ड्राइव्ह चालवायचा, म्हणून ती फ्लॉपी प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या बॅगेत असायचीच.

विंडोज एक्सपीच्या काळात तक्रारीचं रूप बदललं. ड्राइव्ह दिसतो, पण डीव्हीडी अडखळत चालते आणि सीडी राइट करायला वाटेल तेवढा वेळ लागतो. इथे दोष एका सावध नियमाचा. केबलवरून माहिती नेताना ठरावीक चुका झाल्या, साधारण सहा, की एक्सपी वेगवान डीएमए पद्धत टप्प्याटप्प्याने खाली आणत शेवटी पायो या मंद पद्धतीवर जायचं, जिच्यात प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः हलवावा लागतो. चुका मोजल्या जात, पण विसरल्या जात नसत. सैल केबल घट्ट केली, अगदी नवी आणली, तरी वेग परत येत नसे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो आयडीई चॅनलच अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं की हिशेब कोरा. सावधगिरी ठीक, पण शिक्षा झाल्याचं मालकाला कळवायचंच नाही, हे माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात वाईट डिझाइन.

आता त्या रजिस्ट्रीच्या दोन नोंदी. सीडी रायटर स्वस्त झाले तशी राइट करायची सॉफ्टवेअर आली, आणि त्यांना ड्राइव्हशी थेट बोलायचं असे. विंडोजने त्यासाठी वाट ठेवली होती: मुख्य ड्रायव्हरच्या वर आणि खाली आणखी ड्रायव्हर लावायचे, ज्यांतून प्रत्येक आज्ञा गाळून जाईल. त्यांची नावं अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदींत असतात. सॉफ्टवेअर काढून टाकलं की ड्रायव्हरची फाइल जाते, पण पुष्कळदा नाव तिथेच राहतं. विंडोज त्या नावाचा ड्रायव्हर शोधतं, तो सापडत नाही, आणि मग ड्राइव्हच सुरू करत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि कोड ३९, नाहीतर ३१ किंवा ३२.

यातली खरी मेख अशी की या नोंदी एका ड्राइव्हला चिकटलेल्या नसतात, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या अख्ख्या वर्गाला असतात. म्हणून जुना ड्राइव्ह ‘गेला’ समजून नवा आणला तरी तोही दिसत नाही, आणि दुकानदाराने बदलून दिलेला तिसराही नाही. दोन्ही नोंदी काढून रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह परत येतो. फार तर राइटिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. ‘फॉरमॅट मार’ हा उपायही इथे चालायचा, कारण त्यात या नोंदी आपोआप पुसल्या जात. त्याबरोबर बारशाचे फोटोही जात, ते वेगळं.

डीव्हीडीने आणखी एक अडचण आणली, जी बिघाड नव्हतीच. सिनेमाच्या डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका पहिल्यात, भारत पाचव्यात. २००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये विभागाची नोंद ड्राइव्हच्याच फर्मवेअरमध्ये (आतल्या कायमच्या प्रोग्राममध्ये) असे आणि ती बदलायची मुभा पाच वेळा. न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेली ओरिजिनल डीव्हीडी नव्या ड्राइव्हवर चालली नाही, तर दोष ना ड्राइव्हचा ना मावशीचा.

साटा ही नवी जोडणी आल्यावर जंपर संपले. एक केबल, एक ड्राइव्ह, सात पिना, विषय संपला. मधला काळ मात्र त्रासाचा गेला. २००६ मध्ये इंटेलने डेस्कटॉपच्या नव्या चिपसेटमधून (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांमधून) आयडीई काढून टाकलं, पण लोकांकडचे डीव्हीडी रायटर आयडीईचेच होते. मदरबोर्डवाल्यांनी वेगळी चिप लावून एक आयडीई सॉकेट दिलं. एक्सपीच्या सेटअपकडे त्या चिपचा ड्रायव्हर नव्हता. त्यामुळे सीडीवरून बूट व्हायचं, सेटअप सुरू व्हायचा आणि मध्येच तोच सेटअप सांगायचा की सीडी ड्राइव्ह सापडत नाही. बूट करताना बायोस वाचतो, पुढे विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो, हे कळेपर्यंत माणूस रडकुंडीला यायचा. विंडोज १० मध्येही ड्राइव्ह गायब व्हायचा आणि त्यावर मायक्रोसॉफ्टने सांगितलेल्या उपायांपैकी एक म्हणजे रजिस्ट्रीत ॲटापीच्या कप्प्यात एनमडिव्हाइस१ नावाची नोंद घालणं. १९९४ चं नाव अजून तिथेच होतं.

आता ड्राइव्ह बाहेरून यूएसबीने लावतात आणि पाकिटातून जाणाऱ्या आज्ञा त्याच स्कझीच्या घराण्यातल्या आहेत. नवी अडचण विजेची. यूएसबी २ च्या एका पोर्टला नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि तबकडी गरगरायला लागताना पातळ ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतात. लाइट लागतो, ट्रे उघडतो, तबकडी फिरायला घेते आणि टिकटिक करत थांबते. अनेक ड्राइव्हबरोबर दोन प्लगची यूएसबी केबल येते ती यासाठीच. दुसरा प्लग फक्त विजेचा. तो बाजूला ठेवून देऊ नये, आणि ड्राइव्ह हबमध्ये न लावता थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावून बघावा.