हेलियमचा उलटा स्वभाव

गेल्या उन्हाळ्यात तासगावला पाहुण्यांच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो होतो. बाहेर अंगाची लाही, आत हुडहुडी. बोलता बोलता विषय जेम्स वेब दुर्बिणीवर आला, तर त्यांचा दहावीतला नातू म्हणाला, "काका, अवकाशात एवढी थंडी, मग दुर्बिणीला फ्रीज कशाला?"

पोराचं बरोबर होतं. वेबच्या पाचपदरी सूर्यछत्रीमागे उणे २३० अंशांच्या आसपास थंडी असते आणि तीन उपकरणांना ती पुरते. चौथं 'मिरी'. ते २८ मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टिपतं. पण त्या सावलीतल्या ऊबेनेही त्याच्या सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन उसळतात आणि नसलेल्या प्रकाशाची नोंद होते. म्हणून मिरीला ७ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २६६ अंशांखाली ठेवतात.

अमोनिया दाबून द्रव करायचा, मग त्याची वाफ होताना उष्णता ओढायची, हा तासगावचा खाक्या. मिरीत द्रवच नाही. दाबाखालचा हेलियम वायू चिंचोळ्या वाटेने कमी दाबाकडे सोडतात. असं सोडताना वायूचं तापमान बदलतं, यालाच ज्यूल-थॉमसन परिणाम म्हणतात. वायूचे रेणू एकमेकांना थोडे ओढून धरतात. लांब जायचं तर ती ओढ तोडावी लागते. त्यात त्यांचा वेग खर्ची पडतो आणि वायू गार होतो. हवा अशीच वागते. हेलियमच्या अणूंत मात्र ओढ नावालाच. खोलीच्या तापमानाला ते भरधाव आदळत असतात, तेव्हा ओढीपेक्षा ढकलाढकली जास्त. लांब गेले की उलट वेग वाढतो, वायू तापतो! साधारण उणे २३० अंशांखाली आणल्यावरच ओढ वरचढ ठरते. म्हणून पल्स ट्यूब नावाचा वेगळा शीतक हेलियमला आधी १८ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २५५ अंशांपर्यंत आणतो. त्याच्या थंड टोकाला हलणारा भागच नसतो आणि कॉम्प्रेसरचे दोन दट्ट्ये समोरासमोर चालून एकमेकांची थरथर मारतात, म्हणजे दुर्बीण हलत नाही.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणावेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गाला तो आला १८९८ च्या ग्रहणाला.

"मग गॅस भरायला कोण जातं?" नातवाचा पुढचा प्रश्न. २००३ साली सोडलेल्या स्पिट्झर दुर्बिणीत द्रव हेलियम होता. तो उडत उडत मे २००९ मध्ये संपला. वेबमध्ये मात्र तोच तो वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो.