अडकलेला प्रोग्राम मारू नका: ब्रेकपॉइंट वेगळा, अटॅच वेगळं

ब्रेकपॉइंट सगळ्यांना येतो. ओळीसमोर लाल ठिपका लावा, किंवा पायथनमध्ये ब्रेकपॉइंट() लिहा (2018 मधल्या 3.7 पासून ते आयतं मिळतं), प्रोग्राम चालवा, त्या ओळीशी तो थांबतो. त्यावर जास्त बोलत नाही.

पण फोर्टातल्या एखाद्या ब्रोकरच्या सर्व्हरवर सकाळी नऊला प्रोग्राम ठप्प होतो, 9:15 ला बाजार उघडणार असतो, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "मारून परत चालू कर, आता ब्रेकपॉइंट टाकून बघू." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अडकलेली ती प्रोसेस हाच तुमच्या हातातला एकमेव पुरावा. परत चालू केल्यावर ती बहुधा सुरळीत चालते, आणि ब्रेकपॉइंट कुठल्या ओळीवर टाकायचा हे तर अजून कळलेलंच नसतं. वेळ नसेल तर जीकोअर या आज्ञेने तिच्या मेमरीची प्रत काढून घ्या, मग खुशाल मारा. ती प्रत दुपारी निवांत उघडता येते.

वेळ असेल तर अटॅच करा, म्हणजे चालू प्रोसेसलाच डीबगर (प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन) जोडा. ब्रेकपॉइंटमध्ये जागा तुम्ही ठरवता. अटॅचमध्ये फक्त वेळ तुमची. जीडीबी या डीबगरला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दिला की प्रोग्राम त्या क्षणी जिथे असेल तिथे थांबतो. आणि ठप्प झालेला प्रोग्राम सहसा तुमच्या ओळीवर सापडतच नाही. तो रीड, पोल किंवा फ्युटेक्ससारख्या सिस्टिम कॉलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीत) बसलेला असतो, त्यामुळे स्टॅकची, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्या यादीची, सर्वांत वरची ओळ ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची दिसते. सगळा घोळ इथेच होतो. त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट टीमच्या ग्रुपवर पडतो आणि खाली लिहिलेलं असतं, "लायब्ररीतच बग आहे." अहो, लायब्ररी नुसती वाट बघतेय! कुणाची, ते शोधायचंय.

त्यासाठी आधी जीडीबीत 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' द्या; प्रोग्राममधल्या प्रत्येक थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) स्टॅक, म्हणजे बीटी, दिसतो. एकाच थ्रेडचा बीटी बघून निष्कर्ष काढू नका. समजा थ्रेड 3 ऑर्डरच्या लॉकवर (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपावर, म्हणजे म्युटेक्सवर) अडकलाय. 'अप' करत, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनकडे जात, आपल्या फंक्शनपर्यंत या आणि तो म्युटेक्स प्रिंट करा. ग्लिबसी त्याच्या आत ओनरचा, म्हणजे लॉक धरून बसलेल्या थ्रेडचा, क्रमांक ठेवते: समजा 4127. 'इन्फो थ्रेड्स'मध्ये एलडब्ल्यूपी (सिस्टिमने थ्रेडला दिलेला क्रमांक) 4127 म्हणजे थ्रेड 7. आता थ्रेड 7 कडे जा. तो क्लायंटच्या लॉकवर थांबलाय, आणि त्या लॉकचा ओनर आहे थ्रेड 3. दोघं एकमेकांची वाट बघतायत: डेडलॉक सापडला, कोडची एक ओळही न बदलता. डीबग सिम्बॉल (फंक्शन, व्हेरिएबल आणि ओळींची नावनिशी) मात्र हवेत. ते बिल्डबरोबर जपून न ठेवणाऱ्या टीमचं मला नवल वाटतं.

सीपीयू 100 टक्क्यांवर असेल तर गोष्ट निराळी. तिथे एकदा थांबवून भागत नाही. 'कंटिन्यू', कंट्रोल-सी, 'बीटी' असं चार-पाच वेळा करा. दर वेळी स्टॅकमध्ये दिसणाऱ्या फंक्शनांपैकी सर्वांत आतलं जे, बहुधा त्याच्याच आत लूप फिरतोय.

कंट्रोल-झेडनेही प्रोग्राम थांबतो, पण आत डोकावता येत नाही. उबुंटूवर अटॅचला परवानगी नाकारली तर सुडो वापरा; प्रोडक्शनवर (खऱ्या कामाच्या सर्व्हरवर) अटॅचच्या परवानगीची सेटिंग कायमची सैल करू नका.

पायथनवाल्यांना 3.14 पासून पीडीबी या पायथनच्या डीबगरला 'वजा पी' आणि पीआयडी देऊन चालू प्रोसेसला जोडता येतं. फक्त प्रोसेस सिस्टिम कॉलमध्ये अडकली असेल, तर पायथनची पुढची अंतर्गत (बाइटकोड) सूचना चालेपर्यंत किंवा एखादा सिग्नल मिळेपर्यंत पीडीबी ताटकळतो. अशा वेळी मी सरळ जीडीबीच घेतो.

बाहेर पडतानाचा फरकही लक्षात असू द्या. 'रन'ने सुरू केलेला प्रोग्राम 'क्विट'बरोबर मरतो, अटॅच केलेला सुटून पुढे चालू राहतो. तरी मी आधी 'डिटॅच' देतो, आणि पीएस या आज्ञेत प्रोसेसची अवस्था छोट्या टी (डीबगरने थांबवलेली) वरून हललेली दिसली की मगच जीडीबी बंद करतो.