शुक्राची जमीन एवढी कोरी का?

शुक्रावर उल्का आदळून पडलेल्या, वीस किलोमीटरहून मोठ्या विवराला कर्तबगार आणि दिवंगत स्त्रीचे नाव द्यायचे, असा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा नियम आहे. त्यामुळे आनंदीबाई जोशींच्या नावाचे सुमारे ३४ किलोमीटर रुंदीचे विवर तिथे आहे. पंडिता रमाबाईंचे 'मेधावी' आहे आणि मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचेही आहे. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. शुक्रावर मात्र दोघींची विवरे एकमेकींपासून बरीच लांब पडली आहेत.

पण खरी गंमत नावांत नाही, विवरांच्या संख्येत आहे. अख्ख्या शुक्रावर मिळून विवरे जेमतेम हजार. चंद्रावर ती मोजता मोजता दमछाक होते आणि शुक्र तर जवळपास पृथ्वीएवढा ग्रह. मग त्याच्यावर उल्का पडल्याच नाहीत की काय?

लहान उल्का खरोखरच जमिनीपर्यंत पोचत नाहीत. शुक्राचे वातावरण जवळजवळ सगळे कार्बन डायऑक्साइडचे आणि इतके दाट, की जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त भरतो. छोटे दगड त्यात वरच्या वरच फुटून जळून जातात, म्हणून दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान विवर तिथे सापडत नाही. मोठ्या धोंड्यांना मात्र वातावरण थोपवू शकत नाही. त्यांनी पाडलेली जुनी विवरे कुठे गेली? पाण्याने धुतली म्हणावे, तर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमानात पाण्याचा थेंब नाही. वाऱ्याने झिजली म्हणावे, तर जमिनीलगत वारा माणसाच्या चालीपेक्षा फारसा वेगाने वाहत नाही. शिवाय जी विवरे आहेत, त्यांतली बहुतेक अगदी ताजी दिसतात, कडा शाबूत.

उत्तर एकच उरते: जुनी जमीन लाव्ह्याखाली गाडली गेली. विवरे जितकी कमी तितकी जमीन नवी, या हिशेबाने आजच्या पृष्ठभागाचे सरासरी वय साधारण ३० ते ७५ कोटी वर्षे काढले जाते. साडेचार अब्ज वर्षांच्या ग्रहाला हे वय कोवळेच. सगळा ग्रह एकाच मोठ्या उलथापालथीत लाव्ह्याने माखला, की आज इथे उद्या तिथे असे करत हळूहळू, यावर १९९० च्या दशकापासून वाद चालू आहे. विवरे ग्रहभर जवळपास सारखी विखुरली आहेत, हा पहिल्या गटाचा आवडता पुरावा. मला दुसरी बाजू जास्त पटते. त्याचे कारण पुढे येईलच.

हे सगळे कळले ते रडारमुळे. शुक्र कायम गंधकाम्लाच्या ढगांत गुरफटलेला असतो, त्यामुळे साधा कॅमेरा निरुपयोगी. सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा यानांनी जमिनीवर उतरून चित्रे काढली खरी, पण १९८२ मध्ये उतरलेले व्हेनेरा-१३ त्या भट्टीत तग धरून राहिले फक्त १२७ मिनिटे. नासाचे मॅगेलन यान १९९० मध्ये शुक्राच्या कक्षेत पोचले आणि चार वर्षांत त्याने ९८ टक्के पृष्ठभाग रडारने टिपला. व्हेनेरांनी तपासलेला खडक बहुतांशी बेसॉल्टसारखा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडासारखा निघाला. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच.

मॅगेलनच्या नकाशात काय काय आहे! बाल्टिस व्हॅलिस नावाचा लाव्ह्याने कोरलेला पाट सुमारे ६,८०० किलोमीटर लांब आहे, म्हणजे नाईल नदीपेक्षाही लांब. रुंदी मात्र एक ते तीन किलोमीटर. अल्फा रेजिओ या उंच प्रदेशाच्या पूर्व कडेला सात घुमट ओळीने बसले आहेत. प्रत्येक सुमारे २५ किलोमीटर रुंद, उंचीला किलोमीटरही नाही, अगदी तव्यावर पसरलेल्या घावनासारखे. लाव्हा बहुधा फार चिकट असावा, म्हणून तो वाहून न जाता जागीच गोल पसरला. उत्तरेला लक्ष्मी प्लॅनम हे उंच पठार आहे आणि त्याच्या पूर्वेला सुमारे ११ किलोमीटर उंचीचे मॅक्सवेल पर्वत. या ग्रहावर पुरुषाचे नाव लाभलेली ही एकमेव जागा. विद्युतचुंबकीय लहरींचा सिद्धांत मांडणाऱ्याला रडारने उलगडलेल्या ग्रहावर एवढा मान मिळायलाच हवा.

सर्वांत विलक्षण म्हणजे कोरोना, शेकडो किलोमीटर रुंदीची भेगांची कडी. पृथ्वीवर कवचाचे तुकडे सरकतात, एकमेकांखाली जातात आणि आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. शुक्रावर अशा सरकत्या भूपट्टांची व्यवस्था दिसत नाही. तिथे तापलेला खडक खालून वर येतो, कवचाला फुगवटा आणतो, मग पसरतो. मधला भाग खचतो आणि कडेला वर्तुळे उमटतात.

आता माझ्या पसंतीचे कारण. माट मॉन्स या सुमारे आठ किलोमीटर उंचीच्या ज्वालामुखीची मॅगेलनने फेब्रुवारी आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये घेतलेली रडारचित्रे रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली यांनी शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यात जवळपास गोल असलेले एक मुख दुसऱ्यात वेडेवाकडे आणि जवळजवळ दुप्पट मोठे झालेले दिसले. आठ महिन्यांत ज्वालामुखीचे तोंड बदलले होते! हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे पुरावा तीस वर्षांहून जास्त काळ संग्रहात पडून होता. रडार दोन्ही वेळा वेगवेगळ्या कोनांतून पाहत असल्यामुळे तुलना अवघड होती, हेही खरे. ज्वालामुखी अजून जागे असतील, तर जमीन थोडी थोडी नवी होत राहण्याची कल्पना जास्त सयुक्तिक वाटते. अर्थात एका मुखावरून अख्ख्या ग्रहाचा निकाल लागत नाही. त्यासाठी तीच जागा पुन्हा पुन्हा, अधिक बारकाईने पाहावी लागेल. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेत रडार आहे. नासाची व्हेरिटास आणि युरोपची एन्व्हिजन या मोहिमाही नवे रडार नेणार आहेत. त्यांची चित्रे येताच मॅगेलनच्या जुन्या चित्रांशी ती ताडून पाहण्याचे काम सुरू होईल.