ल्वारच्या बांधावरची सायकलवाट: आंब्वाझच्या पर्यटनामागची पार्श्वभूमी

फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यात सायकलने फिरणाऱ्यांचा एखादा तरी मुक्काम आंब्वाझला पडतोच. इथला राजवाडा, मोनालिसाच्या चित्रकाराने अखेरची वर्षे काढली ते घर, जंगलापलीकडे शेर नदीच्या पात्रावरच उभा असलेला शनोंसोचा महाल, हे सगळे वाचकांना परिचित आहे. या वैभवाचे श्रेय राजेरजवाड्यांना मिळते आणि ते रास्तही आहे. पण सायकलस्वार दिवसभर ज्या नदीच्या संगतीने जातो ती नदी आज अशी मोकळी, वाळूच्या बेटांची का दिसते, याचे उत्तर राजवाड्यात सापडत नाही. ते १९८६ ते १९९४ या आठ वर्षांत धरणांवरून झालेल्या भांडणात आहे.

तत्पूर्वी बांधांविषयी थोडे. सायकलमार्गाचा बराचसा भाग नदीकाठच्या जुन्या पूररोधक बांधांवरून आणि नावा ओढायच्या वाटांवरून जातो. बाराव्या शतकात शेती वाचवण्यासाठी इथे मातीचे तुटक बांध घातले गेले. पुढे राजसत्तेने ते जोडत, उंचावत नेले. पूर अडवायचा आणि पात्र अरुंद ठेवून नावांना पुरेसे पाणी मिळवायचे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. दुसऱ्या हेतूने पहिल्याचा घात केला. कोंडलेले पाणी दर पुरात अधिक चढू लागले, बांध आणखी उंच झाले, आणि १८४६, १८५६ व १८६६ या तीन महापुरांनी ते फोडले. एकट्या १८५६ च्या जूनमध्ये सुमारे १६० ठिकाणी खिंडारे पडली. काठच्या गावांत घरांच्या भिंतींवर, पुलांच्या खांबांवर या तीन सालांच्या रेघा कोरलेल्या आजही दिसतात. काही तर उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. सायकल टेकवून दोन मिनिटे त्या रेघेखाली उभे राहावे. बांधावरची ती सुंदर उंची कशासाठी आहे, ते आपोआप कळते.

त्या पुरांनंतर एका सरकारी अभियंत्याने वरच्या खोऱ्यात ८५ जलाशय बांधण्याची योजना मांडली होती. ती कागदावरच राहिली, फक्त बांधांना जादा पाणी सोडून देणारे मोजके सांडवे तेवढे झाले. दरम्यान १८४६ मध्ये रेल्वे तूरपर्यंत पोहोचली आणि नदीवरची मालवाहतूक बघता बघता संपली. व्यापार गेल्यामुळे ऱ्हाईन किंवा रोनसारखा खर्च या नदीवर कोणी केला नाही. दुर्लक्षामुळेच ती बरीचशी वाचली.

वाचली, तरी सुखरूप राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पात्रातून प्रचंड वाळूउपसा झाला आणि तळ खाली गेला. एप्रिल १९७८ मध्ये तूर शहरातला अठराव्या शतकातला दगडी पूल टप्प्याटप्प्याने कोसळला. पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या त्याच पुलावरून गेल्या होत्या, त्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले. याच काळात ल्वारकाठी चार अणुवीज केंद्रे उभी राहत होती आणि त्यांना उन्हाळ्यातही पाण्याची हमी हवी होती. सप्टेंबर १९८० मध्ये उगमाकडच्या ल प्वी शहरालगत अचानक पूर आला, त्यात आठ माणसे दगावली. पूर, सिंचन आणि केंद्रांचे पाणी हे तिन्ही प्रश्न एकत्र बांधून १९८६ मध्ये सरकार आणि खोऱ्यातल्या स्थानिक संस्थांच्या संयुक्त मंडळाने करार केला. व्हिलरे आणि नोसाक ही दोन धरणे तेव्हा झालेली होतीच. आणखी चार प्रकल्प ठरले. सर्वांत वादग्रस्त होते ल प्वीच्या वर, घळीत बांधायचे सेर द ला फारचे धरण.

धरणवाद्यांची बाजू पोकळ नव्हती. आठ मृत्यू झाले होते, आणि खालच्या खोऱ्यात बांधांच्या आड लाखो लोक राहत होते. १८५६ पुन्हा आले तर काय, या प्रश्नाला विरोधकांकडे सुरुवातीला तयार उत्तर नव्हते. मात्र त्यांनी ते शोधले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मोठी गोष्ट हीच. फेब्रुवारी १९८९ मध्ये आंदोलकांनी धरणाच्या नियोजित जागेवर तळ ठोकला आणि तो पाच वर्षे हलवला नाही. या काळात गावकरी, मच्छीमार, पक्षिमित्र आणि बाहेरून आलेले कार्यकर्ते यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी पर्यायी आराखडा मांडला. पुराचे पाणी अडवण्याऐवजी त्याला जागा करून द्या, धोक्याच्या पट्ट्यातले कारखाने हलवा, पात्र रुंद करा, इशारायंत्रणा सुधारा. हिशेब मांडला तेव्हा हे धरणापेक्षा स्वस्त पडत होते.

जानेवारी १९९४ मध्ये सरकारने निर्णय दिला. सेर द ला फार रद्द झाले आणि १९८० च्या पूरग्रस्त भागात नेमकी आंदोलकांनी सुचवलेली कामे हाती घेतली गेली. बाकीच्या प्रकल्पांबाबत मात्र निर्णय अर्धामुर्धा होता. नोसाकचा दुसरा टप्पा झाला, शेर नदीवरचे धरण १९९९ मध्ये बारगळले, आलिये या ल्वारच्या उपनदीवरचे पुढे कैक वर्षे लोंबकळत राहिले. सॅमन माशांची वाट मोकळी करण्यासाठी दोन जुनी धरणे पाडायचेही ठरले. त्यांपैकी आलियेवरचे १९९८ मध्ये सुरुंग लावून उडवले गेले. व्हिएन नदीवरचे पाडताना तिथल्या गावांनी कडाडून विरोध केला, कारण त्यांचे तळे आणि कराचे उत्पन्न दोन्ही जाणार होते. त्यांची तक्रार फारशी ऐकली गेली नाही, हेही नोंदवायला हवे. धरणाविरुद्धच्या लढ्याचे जेवढे कौतुक झाले त्याच्या दहाव्या हिश्शानेही या गावांची दखल घेतली गेली नाही.

सायकलमार्गाची कल्पना लगेच पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, दोन प्रादेशिक प्रशासनांनी उचलली. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जी नदी आतापर्यंत फक्त पुराचा धोका किंवा पाण्याचा साठा म्हणून मोजली जात होती, ती आता जवळून पाहण्याजोगी ठरली होती. २००० मध्ये सुमारे २८० किलोमीटरचा खोऱ्याचा पट्टा जागतिक वारसा यादीत आला. आधीच्या वर्षी एका अणुवीज केंद्रावरून हा प्रस्ताव अडला होता. सायकलमार्गाचा पहिला टप्पा २००५ मध्ये खुला झाला आणि २०१२ पर्यंत नवेर परिसरापासून अटलांटिकपर्यंतची सुमारे ९०० किलोमीटरची वाट जोडली गेली. काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय सायकलमार्गाचाही ती भाग आहे.

आंब्वाझला याचा फायदा झाला तो मोक्याच्या जागेमुळे. एका बाजूला ब्ल्वा, दुसऱ्या बाजूला तूर, दोन्हीकडून एका दिवसाची आरामशीर मजल. पुलाखालच्या बेटावरून राजवाडा समोर दिसतो, आणि भोवतालच्या वाळूवर उन्हाळ्यात सुरय पक्षी अंडी घालतात. मोंलुईकडे जाताना मार्ग नदी सोडून द्राक्षमळ्यांत चढतो. सपाट वाटेची सवय झालेल्यांचा तिथे दम निघतो. राजवाडा पाहताना एवढे लक्षात असू द्यावे की त्याचा बहुतांश भाग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला. १८४८ ते १८५२ या काळात अल्जीरियात फ्रेंचांविरुद्ध लढलेला अमीर अब्दुल कादिर इथे परिवारासह कैदेत होता आणि त्याच्यासोबतची २५ माणसे इथेच वारली. बागेत त्यांचे स्मारक आहे. २०२२ मध्ये त्याच अमिराच्या सन्मानार्थ गावात उभारलेल्या शिल्पाची अनावरणाआधीच मोडतोड झाली.

धरणे टळली म्हणून पुराचा धोका टळलेला नाही. मधल्या खोऱ्याची भिस्त अजून त्याच जुन्या मातीच्या बांधांवर आहे. ते आतून पोखरू नयेत म्हणून टप्प्याटप्प्याने मजबुतीकरण चालू असते. तेवढ्या काळात सायकलमार्गाचे तुकडे बंद ठेवून वाट आतल्या गावांमधून वळवली जाते. हिवाळ्यात पाणी चढले की काठालगतचे सखल पट्टेही बंद होतात. निघण्यापूर्वी ताजी सूचना पाहावी आणि वळणाची पाटी दिसली तर ती निमूटपणे मानावी.