बंदी घातली की जुगार संपतो?

"ऑनलाइन जुगारावर सरसकट बंदी घाला, महिन्याभरात गाव सुटेल," हा मजकूर किनारपट्टीवरच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. मासेमारीच्या हंगामाची कमाई पोराने मोबाइलवर उडवली, तर आईबापांना दुसरं काय सुचणार?

पण बंदीने जुगार संपत नाही. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा 1887 सालचा. तो लागू असतानाच 1960 च्या दशकात मुंबईत मटका फोफावला आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या कोकणातल्या टपऱ्यांपर्यंत पोचल्या.

ऑनलाइन तर लपणं आणखी सोपं. एक साइट अडवली की तीच दुसऱ्या नावाने उघडते. खात्री करायची तर पोराला जवळ बसवून, न रागावता, यूपीआयचे जुने व्यवहार बघा. बेकायदा अ‍ॅपचे पैसे बऱ्याचदा कंपनीच्या नावाने जातच नाहीत. कधी अनोळखी माणूस, कधी कुठलं किराणा दुकान, दर खेपेला नाव वेगळं. जिंकलेले पैसे अडकले, तर दाद कोणाकडे मागणार?

परवाना पद्धतीत वय तपासता येतं, पैसे भरण्यावर मर्यादा घालता येते, खेळणाऱ्याला स्वतःला बाहेर काढून घेता येतं. ब्रिटनमध्ये अशी पद्धत आहे. तिथे 2020 पासून ऑनलाइन सट्ट्याला क्रेडिट कार्ड चालत नाही. मला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण घरं बुडतात ती उधारीने. व्यसन परवान्यानेही पुरतं सुटत नाही, हे खरंच. पण असा नियम लावायला समोर पत्ता असलेला चालक लागतो, आणि बंदीत नेमका तोच नाहीसा होतो.