क्रेयची (चेक आडनाव)

क्रेयची : चेक प्रजासत्ताकात सर्रास आढळणारे व्यवसायवाचक आडनाव. अर्थ शिंपी. उच्चारताना शेवटची ई लांबवायची आणि च ‘चहा’तला घ्यायचा, ‘चमचा’तला नव्हे. चेक लिपी हा भेद पाळते: चमच्यातल्या चसाठी साधे अक्षर, चहातल्या चसाठी त्याच अक्षरावर एक छोटी खूण. तिला ‘हाचेक’ म्हणजे लहानसा आकडा (हूक) म्हणतात. आपण मात्र दोन्ही च एकाच अक्षरावर भागवतो.

शब्दाचे मूळ ‘क्रायेत’, म्हणजे कापणे, या क्रियापदाशी जाते. जुन्या चेकमध्ये रूप ‘क्रायची’ होते. पुढे ‘आय’चा ‘एय’ झाला. शेजारच्या स्लोव्हाकमध्ये ‘क्रायचीर’ म्हणतात, तिथे जुना स्वर टिकला. मराठीत शिंपी म्हटले की सुई-दोरा आठवतो. चेक शब्दाला कात्री आठवते. तेही रास्तच, कारण चुकलेली शिवण उसवता येते, चुकीचे बेतलेले कापड वाया जाते. जर्मन ‘श्नायडर’चा अर्थही कापणाराच, आणि त्यावरून आलेले ‘श्नायदर’ हे आडनावही चेक लोकांत आहे. याच कुळातला ‘क्रायीत्स’ म्हणजे पावाचा काप, ‘क्रोय’ म्हणजे पारंपरिक पोशाख. ‘क्राय’ म्हणजे कड, आणि प्रांतसुद्धा. देशाच्या आजच्या प्रशासकीय विभागांना हाच शब्द आहे. कडेवरूनच ‘क्रायका’, म्हणजे लेस; तिच्यासाठी पूर्व बोहेमियातले वाम्बेर्क गाव प्रसिद्ध आहे.

धंद्यावरून माणसाला ओळखण्याची रीत जुनी. पण वंशपरंपरागत आडनाव कायद्याने पक्के झाले ते तेव्हा चेक प्रदेशावर राज्य करणारा हॅब्सबर्ग सम्राट दुसरा जोसेफ याच्या कारकिर्दीत, १७८० च्या दशकात. तेव्हापासून बापाची कात्री मुलाने हातात धरली नाही तरी आडनाव क्रेयचीच राहिले. आपल्याकडच्या सुतार, लोहार, शिंपी या आडनावांचेही असेच.

खरी गंमत व्याकरणात आहे. चेक स्त्रियांच्या आडनावाला सहसा ‘ओवा’ लागते: नोवाकची नोवाकोवा. क्रेयची हा शब्द मात्र विशेषणासारखा चालतो, त्यामुळे नवरा क्रेयची आणि बायकोही क्रेयची. ‘क्रेयचोवा’ हे रूपही आढळते. शिंपीण या अर्थाचा सामान्य शब्द तोच आहे. दारावरच्या पाटीवर नुसते आडनाव असेल तर आत बाई राहते की पुरुष, हे कळत नाही. षष्ठीत मात्र उलगडा होतो: पुरुषाचे ‘क्रेयचीहो’, बाईचे ‘क्रेयची’च.

भूगर्भशास्त्रज्ञ यान क्रेयची (१८२५–१८८७), संगीतकार ईशा क्रेयची (१९०४–१९६८) आणि बॉस्टन ब्रुइन्सकडून २०११ मध्ये स्टॅनली कप जिंकणारा आइस हॉकीपटू डाविद क्रेयची हे या आडनावाचे नामवंत. २०२१ ची फ्रेंच ओपन आणि २०२४ ची विम्बल्डन जिंकणारी बार्बोरा क्रेयचीकोवा हिला लोक याच यादीत बसवतात, पण तिचे आडनाव ‘क्रेयचीक’चे स्त्रीरूप आहे. क्रेयचीक म्हणजे छोटा शिंपी.